छप्परफाड लिलाव

“मधला माणूसच नको!” शालिग्राम बोरसेंनी जाहीर केलं आणि मुठीनं कांदा इतक्या जोरात फोडला की अर्धा कांदा फ्रीजखाली गेला. “चित्र मी काढायचं, रंग मी आणायचे, पाठ माझी दुखायची, आणि शंभरातले चाळीस रुपये गॅलरीवाल्याला? का? तर म्हणे त्याच्याकडे भिंत आहे! भिंत काय आपल्याकडे नाही?”

त्यांच्या बायकोनं, शोभानं, सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आपल्या दीड खोलीत चारी बाजूंना नजर फिरवली. एका भिंतीला कपाट, दुसरीला भांड्यांची मांडणी, तिसरीवर धनश्रीची शाळेतली बक्षिसं आणि चौथीत दार.

“नाही,” ती म्हणाली आणि कळण्याची भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

पण शालिग्रामभाऊ ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्याच दुपारी ते पदरचं पेट्रोल जाळून शहराच्या श्रीमंत टोकाला एका गॅलरीत जाऊन आले होते. तिथल्या थंडगार हवेत बसलेल्या मुलीनं त्यांच्या चित्रांचे फोटो न बघताच सांगितलं होतं, “अंकल, भिंतीचं भाडं वेगळं आणि विक्रीवर चाळीस टक्के.” त्या ‘अंकल’चा राग जास्त होता की चाळीस टक्क्यांचा, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. घरी येऊन त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. कुठकुठले चित्रकार गॅलरीला रामराम ठोकून स्वतःच आपल्या चित्रांचा लिलाव करत होते. झालं! वात पेटली.

खरं दुखणं मात्र वेगळं होतं. शालिग्रामभाऊ तेवीस वर्षं एका प्रोसेसिंग मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढत होते. त्यांनी काढलेल्या कोयऱ्या, वेलबुट्ट्या आणि काठ लाखो बायका नेसून हिंडत होत्या. कुठल्याही लग्नात गेलं की चार तरी साड्या त्यांच्या हातच्या दिसायच्या. पण साडीवर कधी डिझाइन काढणाऱ्याची सही असते का? असतो तो मिलचा शिक्का, तोही निऱ्यांमध्ये जाणारा! म्हणून गेली पाच वर्षं रविवारच्या रविवारी ते कॅनव्हासवर चित्रं काढत होते. त्यावर सही मात्र अशी दणदणीत करायचे की धनश्री म्हणायची, “पप्पा, पहिले सही दिखती है, फिर चित्र.”

अशी नऊ चित्रं तयार होती. रंगाईचं वाफाळलेलं मशीन, तापीचा पूल, साड्यांना खडे चिकटवणारी बाई, श्रावणात मांडलेली कानबाई देवी, आणि अशीच आणखी पाच.

“पण पप्पा, बोली कोण लगावशे?” धनश्रीनं गुजरातीत विचारलं. ती कॉलेजात गुजराती, मैत्रिणींत हिंदी आणि फक्त भांडताना अहिराणी बोलायची.

“कोण म्हणजे? आपला समाज! सुरतेत आपली खान्देशी माणसं काय थोडी आहेत? रसिक आहेत सगळे. फक्त त्यांना कुणी विचारलं नाही आजवर.”

शोभानं वाकून फ्रीजखालचा कांदा तेवढा काढला.

लिलाव पुकारायला माणूस घरातच होता. शोभाचा धाकटा भाऊ योगराज पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात पॅकिंगचं काम घ्यायचा आणि त्याचा आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर तळमजल्यावरचा टेम्पो सुरू व्हावा. दरवर्षी कानबाईच्या उत्सवात मानाच्या नारळाचा लिलाव तोच पुकारायचा. तीस रुपयांचा नारळ त्यानं सात हजारांना घालवला होता.

“दाजी, तुम्ही फक्त बसा,” योगराज म्हणाला. “माणसं जमवणं माझ्यावर सोडा.”

जागेसाठी शालिग्रामभाऊ समाजाच्या वाडीवर गेले. वाडी म्हणजे समाजाचा लग्नकार्याचा हॉल. त्याचे अध्यक्ष बाबुराव आप्पा खुर्चीवर बसून छताकडे बघत होते. गेली दोन वर्षं ते बहुतेक छताकडेच बघायचे, कारण पत्रे पार सडले होते आणि गेल्या श्रावणात ऐन आरतीत कानबाईच्या डोक्यावर धार लागली होती. देवीवर छत्री धरून आरती उरकावी लागली होती.

“आप्पा, रविवारी सकाळी लिलाव ठेवतोय. माझ्या चित्रांचा. वाडीचं भाडं किती द्यायचं?”

आप्पांनी नजर छतावरून काढून शालिग्रामभाऊंवर ठेवली. बराच वेळ ठेवली.

“चित्रांचा लिलाव? इथं?”

“इथंच.”

“भाडं कसलं घेऊन बसलास, शालिग्राम! आपलंच काम आहे!”

शालिग्रामभाऊंना भरून आलं. कलेची ही कदर! वर आप्पांच्या पत्नी उषावहिनी आतून म्हणाल्या, “आलेल्यांच्या फराळाचं आमच्याकडे. चांगल्या कामाला हात लागू दे आमचाही.” शालिग्रामभाऊ घरी आले ते जमिनीच्या वीतभर वरून चालत. “बघ!” ते शोभाला म्हणाले. “तिकडे भिंतीचं भाडं मागतात, इकडे माणसं पोहे खाऊ घालतात. रसिक आहेत, रसिक!”

योगराजनं सगळ्या ग्रुपवर निरोप पाठवला. तो शालिग्रामभाऊंनी आधी वाचला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. निरोप असा होता: ‘कानबाईमातेच्या कृपेने रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या वाडीत भव्य लिलाव! शालिग्रामदाजींनी स्वतःच्या हाताने काढलेली नऊ चित्रे. सर्व समाजबांधवांनी सढळ हाताने बोली लावावी.’ आणि खाली फोटो कुठला? नऊपैकी नेमका कानबाईचा!

आता यात खोटं काय आहे? एक अक्षर नाही. पण वाडीचे पत्रे गळतात हे माहीत असलेल्या माणसानं हे वाचलं, की त्याच्या डोक्यात काय येणार?

रविवारी वाडीत दोनशे माणसं! पांडेसऱ्याची होती, कतारगामची होती, थेट पर्वत पाटियाहून टेम्पो करून आलेलीही होती. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. वैशाखातली गर्मी, वर गळके पत्रे तापलेले, आणि खाली शालिग्रामभाऊ नव्या कुर्त्यात असे फुललेले जसं काही डिजिटल प्रिंट होऊन बाहेर आलेत!

त्यांनी प्रत्येक चित्रावर दोन मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. पहिलं चित्र मशीनचं. “या चित्रात,” त्यांनी सुरुवात केली, “निळा रंग हा जो आहे, तो केवळ निळा नसून—”

“बोला कानबाई माता की…” योगराज सवयीनं गरजला.

“जय!” दोनशे माणसं ओरडली. निळा रंग तिथंच विरघळला.

“बोली सुरू एक हजारापासून!”

“अकराशे एक!”

“एकवीसशे एक!”

“एक्कावन्नशे एक!”

शालिग्रामभाऊंचे कान उभे राहिले. रक्कम काय वाढत होती! फक्त प्रत्येक बोलीला तो शेवटचा एक रुपया का लागतोय, हे त्यांना कळेना. आपली माणसं शुभ बघतात, त्यांनी मनाची समजूत घातली. तेवढ्यात मजुरांचे ठेके घेणारा सुकदेव ठेकेदार उभा राहिला. हा माणूस लग्नात आहेर देताना आधी माइक मागायचा. त्यानं चारी दिशांना हात जोडले आणि म्हणाला, “अकरा हजार एकशे अकरा!”

टाळ्यांचा कडकडाट! योगराजनं तीनदा पुकारून माइकच आपटला. शालिग्रामभाऊंनी चित्र उचललं आणि सुकदेवच्या हाती द्यायला गेले.

“हे काय?” सुकदेवनं विचारलं.

“चित्र. तुमचं झालं.”

“मला कशाला? ठेवा इकडेच कुठंतरी. नाव तेवढं नीट लिहून घ्या. सुकदेव नथ्थू, नथ्थूला दोन थ.”

शालिग्रामभाऊ चित्र घेऊन तसेच परतले. माणूस मोठा आहे, गाडी लांब लावली असेल, नंतर नेईल, असं म्हणून त्यांनी चित्र भिंतीला टेकवलं.

दुसरं चित्र गेलं, तिसरं गेलं. घेणारे नाव लिहून द्यायचे, पैसे मोजून योगराजच्या डब्यात टाकायचे, हात जोडायचे आणि पोह्यांकडे वळायचे. चित्राकडे कुणी ढुंकून बघेना! कानबाईच्या चित्राला एकतीस हजार आले, आणि त्यावर दिवसभरातली एकुलती एक समीक्षा बायकांच्या बाजूनं आली. “अगं बाई, देवीची नथ उजव्या नाकपुडीत कशी?” उषावहिनींनी विचारलं. धनश्रीनं गेल्या श्रावणात काढलेल्या सेल्फीवरून चित्र काढलेलं. मोबाइलनं डावं-उजवं फिरवलेलं! शालिग्रामभाऊंनी पुढचं भाषण गिळलं.

पाचवं चित्र खडेवालीचं. पिवळ्या साडीला खडे चिकटवत दारात बसलेली, मान खाली घातलेली बाई.

“पाचशे एक,” बायकांतून बारीक आवाज आला.

धुरपदाबाई उठल्या. सत्तरीच्या. पस्तीस वर्षं त्या स्वतः साड्यांना खडे चिकटवत आल्या होत्या. एका साडीचे मिळतात तरी किती! त्यांच्यावर बोली वाढवायची छाती सुकदेवचीही झाली नाही. योगराजनं पटकन तीन पुकारे केले. म्हातारी काठी टेकत पुढं आली, कनवटीची गाठ सोडली, घामेजलेल्या नोटा डब्यात न टाकता शालिग्रामभाऊंच्या ओंजळीत ठेवल्या आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली:

“पत्रा गळस रे भाऊ. देवीना आंगवर पानी पडस. एक पत्रा मना नावना टाकजो!”

शालिग्रामभाऊंना आधी वाटलं, म्हातारी चुकली. मग त्यांनी वर पत्र्यांकडे पाहिलं. मग समोरच्या दोनशे चेहऱ्यांकडे पाहिलं. तो शेवटचा एक रुपया, ते जोडलेले हात, फुकटची वाडी, फुकटचे पोहे, ‘आपलंच काम’! सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग कच्च्या छपाईसारखा पहिल्याच धुण्यात उतरला.

ते माइकमागं सरकले आणि योगराजच्या कानात म्हणाले, “अरे, लोकांना वाटतंय हे पत्र्यांसाठी आहे!”

योगराजचा हात माइकवरच थबकला. “म्हणजे? नाहीये?”

“माझ्यासाठी आहे! माझी चित्रं आहेत!”

योगराजनं डब्यात बघितलं. डबा गळ्यापर्यंत आला होता. “दाजी, मी पत्र्यांचं नाव तरी घेतलं का? तुम्ही घेतलंत का? नाही ना! मग आता मधेच कसं थांबवायचं? माणसं चिडतील. उरकून घेऊ, मग बघू.”

आता खरं बोलायची हीच वेळ होती. माइक हातभर अंतरावर होता. ‘मंडळी, गैरसमज होतोय’ एवढे तीन शब्द! शालिग्रामभाऊंनी तोंड उघडलंही. पण ओंजळीत म्हातारीच्या नोटा होत्या, डोळ्यांसमोर गॅलरीतली ती मुलगी होती, आणि मनात एक चोर उठून बसला होता. तो म्हणत होता, ‘लोकांनी काहीही समजून दिले असोत, चित्रं तर तुझीच ना? तेवीस वर्षं कुणी तुला काय दिलं?’

शालिग्रामभाऊंनी तोंड मिटलं.

सहावं चित्र गेलं. सातवं गेलं. प्रत्येक वेळी त्यांनी ठरवलं, याच्यानंतर सांगायचं. आठवं गेलं. बायकांच्या बाजूनं शोभा त्यांच्याकडे बघत होती. नवऱ्याचे कान लाल झाले की आत काहीतरी शिजतंय, हे तिला पंचवीस वर्षांत पाठ झालेलं. तिनं लांबूनच मान हलवून विचारलं, ‘काय झालं?’ त्यांनी लांबूनच हात हलवून सांगितलं, ‘काही नाही, गरम होतंय.’

नववं चित्र गेलं तेव्हा डब्यात एक लाख सोळा हजार होते.

आणि बाबुराव आप्पा उठले! सत्तर वर्षांचा माणूस, पण मंचावर असे चढले की त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरनं पाहिलं असतं तर फी परत मागितली असती. त्यांनी योगराजच्या हातून माइक काढून घेतला, दुसऱ्या हातानं डबा काखेत मारला आणि म्हणाले:

“बांधवांनो! शालिग्राम बोरसेनं पाच वर्षं रात्रंदिवस खपून काढलेली चित्रं आज देवीच्या छपरासाठी अर्पण केली. स्वतःला एक रुपया ठेवला नाही! असा कलाकार आपल्या समाजात आहे, याचा मला अभिमान वाटतो!”

टाळ्या! शिट्ट्या! शाल आली, नारळ आला, हार आला. वैशाखातल्या बाराच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली लोकरीची शाल शालिग्रामभाऊंच्या खांद्यावर पडली आणि आप्पांनी माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. “बोल दोन शब्द.”

शालिग्रामभाऊंनी बघितलं. धनश्री मोबाइलवर शूटिंग करत रडत होती, आनंदानं. धुरपदाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. फक्त शोभाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती बघत होती.

“आभारी आहे,” शालिग्रामभाऊ म्हणाले.

घरी येऊन त्यांनी शाल खुंटीला टांगली आणि खाली बसले.

“तुम्हाला कधी कळलं?” शोभानं विचारलं.

“काय?”

“लोक पत्र्यांसाठी देताहेत ते.”

शालिग्रामभाऊ फरशीकडे बघत म्हणाले, “पाचव्या चित्राला.”

“आणि चित्रं नऊ होती,” शोभा म्हणाली आणि उठून साडीला फॉल लावायला बसली. एवढंच बोलली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

धनश्रीनं व्हिडिओ टाकला होता. ‘माझे पप्पा’ असं वर लिहून. तासाभरात गावाकडून फोन सुरू झाले. शिरपूरचे मामा म्हणाले, घराण्याचं नाव काढलंस. पारोळ्याची आत्या म्हणाली, दातृत्व रक्तातच असावं लागतं. प्रत्येक फोनसरशी शालिग्रामभाऊ इंचभर खचत होते. चौथ्या फोनला ते उठले, चपला घातल्या आणि थेट बाबुराव आप्पांच्या घरी गेले.

आप्पा नुकतेच दुपारचे लवंडले होते. “ये, दानशूर! उषा, चहा टाक!”

“आप्पा, मी दानशूर नाही. चित्रं मी विकायला काढली होती. पैसे माझ्यासाठी होते.”

“अरे वा!” आप्पा हसले. “देऊन वर ‘मी दिलं नाही’ म्हणतोस! मोठी माणसं अशीच असतात.”

“आप्पा, खरंच सांगतो—”

“नम्रता! नम्रता म्हणतात ती हीच!”

“आप्पा!” शालिग्रामभाऊ ओरडले. “मला पाचव्या चित्राला कळलं होतं! तरी मी चार चित्रं गप्प बसलो! म्हटलं, पैसे मिळताहेत तर घेऊ! चोर आहे मी!”

आतून कपबशीचा आवाज थांबला. आप्पांचं हसू मावळलं. ते उठले, कपाट उघडलं, डबा आणि नावांची यादी काढून शालिग्रामभाऊंसमोर ठेवली.

“ने,” ते म्हणाले. “तुझे आहेत. लोकांना मी सांगतो.”

यादीत वरच ‘सुकदेव नथ्थू’ होतं, दोन थ काढलेलं. पाचव्या ओळीत ‘धुरपदाबाई – एक पत्रा’. शालिग्रामभाऊंनी डब्याला हात लावला नाही. उलट, तापलेला तवा असावा तसा बोटानं पलीकडे सरकवला.

“नको आप्पा. हे कसे घेऊ मी?”

“घ्यायचे नाहीत?”

“नाही.”

“मग सांगायला कशाला आलास?” आप्पा एकदम भडकले. “दुपारपर्यंत तू साधू होतास आणि मी निवांत होतो! आता तुझंही गेलं आणि माझंही गेलं!”

“तुमचं काय गेलं?”

आप्पा खाली बसले. दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिले.

“मला तर तू भाडं विचारलंस तेव्हाच कळलं होतं,” ते हळूच म्हणाले. “देवीच्या कामाला कुणी भाडं विचारतं का? म्हटलं, हा स्वतःची चित्रं विकतोय. पण वर बघितलं तर पत्रे. मग म्हटलं, लोकांना जे समजायचं ते समजू दे. आणि शेवटी तू तोंड उघडशील म्हणून धावत जाऊन शाल घातली. माणसाला शाल घातली की त्याचं तोंड बंद होतं, शालिग्राम. मी एकतीस वर्षं अध्यक्ष आहे.”

उषावहिनींनी चहा आणून ठेवला आणि दोघांकडे असं बघितलं, जसं खेळताना काच फोडून आलेल्या पोरांकडे आई बघते.

“दोघांनी मिळून सांगा आता,” त्या म्हणाल्या. “चहा घ्या आणि सांगा.”

पुढच्या रविवारी वाडीत बैठक झाली. दोघंही शेजारी शेजारी उभे राहिले. शालिग्रामभाऊंनी सांगितलं, योगराजच्या घशातून मात्र त्या दिवशी आवाजच निघेना. आप्पांनी आपलंही सांगितलं. शालीचंसुद्धा. मग शालिग्रामभाऊ म्हणाले, “ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी घ्यावेत. ज्यांना देवीला द्यायचेत त्यांचे छपराला जातील. आणि चित्र ज्याचं त्यानं न्यावं. ते माझ्याकडून. मला काही नको.”

पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

“म्हणजे,” सुकदेव ठेकेदार उठून म्हणाला, “मी मशीनच्या चित्राला अकरा हजार एकशे अकरा दिले? मशीन तर मी रोजच बघतो, फुकट!”

सगळी वाडी हसली. शालिग्रामभाऊही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते नाक पुसत बसले. पैसे कुणी परत मागितले नाहीत. पण ‘जाऊ दे’ असंही कुणी पुढं होऊन म्हणालं नाही. पुढचे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर कुणीतरी ओळखीचं भेटायचं आणि विचारायचं, “काय शालिग्रामभाऊ, आज काय दान?” ते मान खाली घालून चहाचे पैसे द्यायचे. बहुतेक वेळा विचारणाऱ्याचेही!

मिलमध्ये ते पूर्वीसारखे कोयऱ्या काढू लागले. वाडीवर नवे निळे पत्रे चढले. चित्रं मात्र न्यायला कुणी येईना. दहा बाय दहाच्या खोलीत माणसंच तिरपी झोपतात, तिथं तापीचा पूल कुठं टांगायचा? नऊच्या नऊ चित्रं बोरसेंच्या घरी पलंगाखाली परत आली. शोभा झाडू मारताना रोज तापी ओढून बाहेर काढायची आणि परत आत ढकलायची.

आणि एका सकाळी दाराशी काठी वाजली. धुरपदाबाई! हातात साडीच्या दुकानाची मोठी पिशवी.

“मनं चित्र दे रे भाऊ. न्यायला आली.”

शालिग्रामभाऊंचा विश्वासच बसेना. चित्र मागणारं माणूस! आयुष्यातलं पहिलं! त्यांनी पलंगाखालून खडेवाली काढली, कुर्त्याच्या बाहीनं पुसली आणि उजेडात दारापाशी धरली. म्हातारीनं चष्मा वर केला, खाली केला, चित्राच्या पार जवळ गेली. पिवळी साडी बघितली, खडे बघितले, त्या बाईची वाकलेली मान बघितली. सुरकुतलेल्या बोटानं हवेतच एकेक खडा मोजत गेली. सगळ्या लिलावात जेवढं कुणी बघितलं नव्हतं, तेवढं तिनं एकटीनं बघितलं. शालिग्रामभाऊ श्वास रोखून उभे होते. शोभाही फॉल सोडून दाराशी आली.

म्हातारीचा चेहरा उजळला.

“हाई मीच शे ना रे भाऊ?”

शालिग्रामभाऊंच्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. अगदी ओठापर्यंत! पण महिन्याभरापूर्वीच त्यांनी देवीसमोर कान धरले होते, की आता खोटं बोलायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही.

“नाही मावशी,” ते म्हणाले. “या उषावहिनी आहेत. आप्पांच्या.”

म्हातारी सरळ झाली. चष्मा खाली आला.

“उषानं तोंड मना घरमा? मंग ऱ्हाऊ दे, माले नको!”

आणि रिकामी पिशवी झटकून, घडी घालून, काठी टेकत ती जिना उतरूनसुद्धा गेली.

धनश्रीनं कपाळाला हात लावला. शोभानं वाकून चित्र उचललं आणि पलंगाखाली सारलं.

“तिचं एक काढीन मी,” शालिग्रामभाऊ पुटपुटले. “येत्या रविवारी.”

“काढा,” शोभा म्हणाली. “पण सही जरा बारीक करा. म्हातारीला मावायला जागा हवी.”